उजवा पेटीतला, डावा मापाचा

अंबूबाईंचे दोन्ही गुडघे एकाच दिवशी बदलायचे ठरले, आणि तेही दोन वेगवेगळ्या रीतींनी. येलहंक्यात त्यांच्या गल्लीत ही बातमी फिरली तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावला. एकाच बाईच्या दोन पायांत असला दुजाभाव कशाला, म्हणून. पण दुजाभाव हाच तर त्या खटाटोपाचा जीव होता, आणि तो घरात आणला होता त्यांच्याच लाडक्या भाचीने, संहितेने. पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही म्हणाल, ही अवदसा तिला आठवली कुठून? आठवते बाबांनो. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाला आठवते, आणि आठवते तेव्हा ती अवदसा आहे असं कपाळावर लिहून येत नाही.

आधी माणसं ओळखून घ्या. अंबूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही, म्हणून भावाकडे राहिल्या. भावजय कमला बँकेत जायची, त्यामुळे संहितेच्या वेण्या, डबे, तापातली जागरणं सगळं अंबूबाईंच्या वाट्याला आलं, आणि त्यांनी ते हौसेने केलं. पुढे भाऊही गेला. घरात तिघी उरल्या. सगळे अंबूबाईंना अक्का म्हणत, संहिताही आत्या न म्हणता अक्काच म्हणे. घराणं शहाजीराजांच्या काळापासून इथलं. मराठी घरातली, तोंडात मात्र ‘बरं’ऐवजी सरी आणि ‘जरा’ऐवजी स्वल्प इतके मुरलेले की ते कन्नड आहेत हेही कुणाच्या ध्यानात नसे.

संहिता इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत इंजिनिअर होती. काम तिचं असं, की रुग्णाच्या पायाचा स्कॅन घ्यायचा, त्यावरून कॉम्प्युटरवर त्याचं हाड जसंच्या तसं उभं करायचं, आणि त्या एकाच हाडावर चपखल बसेल असा नायलॉनचा साचा छापून घ्यायचा. साच्याला फटी ठेवलेल्या असतात. साचा हाडावर बसला की फटीतून करवत घालायची. कुठे कापायचं, किती कापायचं, ते साच्याने आधीच ठरवलेलं. जुन्या रीतीत असलं काही नाही. तिथे स्टीलच्या अवजारांच्या पेट्या येतात, ज्या सगळ्या जगाला त्याच. मांडीच्या हाडात गज सारायचा, नडगीला दांडी लावायची, आणि सर्जनने आपल्या नजरेने कोन जुळवायचा.

"म्हणजे एक मापाचा ब्लाउज आणि एक रेडिमेड," अक्का म्हणाल्या.

"अगदी तसंच."

"मग मला दोन्ही मापाचेच शिव की गं. हात का आखडतेस?"

"अक्का, तुलना करायची आहे. एका बाजूला हा, एका बाजूला तो. मगच कळणार कुठला सरस."

ही तुलना मूळच्या बेळगावकडच्या, पण इथेच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर यशोवर्धनांनी मांडली होती. ज्यांचे दोन्ही गुडघे गेलेत असे रुग्ण घ्यायचे, एक गुडघा मापाच्या साच्याने करायचा, दुसरा पेटीतल्या अवजारांनी. कुठला कसा, ते चिठ्ठी काढून. रुग्णाला ते सांगायचं नाही, नंतर तपासणाऱ्यालाही सांगायचं नाही, आणि काही महिन्यांनी रुग्णालाच विचारायचं की बाई, कुठला पाय बरा? साचा जिंकला तर देशभर जाणार होता. हरला तर कपाटात जाणार होता, आणि संहितेची उमेदीची वर्षं त्याच्याबरोबर. आतापर्यंतच्या रुग्णांत दोन्ही रीती इतक्या खांद्याला खांदा लावून चालल्या होत्या, की एकेका गुडघ्याला भाव आला होता.

डॉक्टर तिला म्हणाले होते, "संहिता, घरच्या माणसाचं आपण करू नये. दुसऱ्या कुणाला तरी उभं करा."

"सर, तिला दुसऱ्याच्या हाती कशी देऊ?"

घरी अक्काही तेच म्हणाल्या. पोरीच्या हातचं असेल तर करीन, नाहीतर असू देत माझे मोडके. डॉक्टरांनी नाइलाजाने होकाराची मान हलवली. ते कमी बोलणारे होते, आणि कमी बोलणाऱ्या माणसाने एकदा सांगितलेलं ऐकावं, एवढी अक्कल माणसाला नेहमी उशिरा येते.

चिठ्ठी निघाली. डावा मापाचा, उजवा पेटीतला. संहितेने ते मनात ठेवलं. अक्कांनी खोदून खोदून विचारलं, गोड बोलून विचारलं, रुसून विचारलं, पण तिने ताकास तूर लागू दिली नाही. ह्या बाबतीत पोरगी पक्की होती. जिथे पक्कं राहायला हवं होतं ती जागा वेगळीच होती.

स्कॅन झाला. साचा तयार व्हायला काही आठवडे लागतात. ह्या मधल्या काळात अक्कांनी पिशवी भरली आणि म्हणाल्या, "देवनहळ्ळीला जाते चार दिवस. नणंदेची सून बोलावतेय. एकदा कापाकापी झाली की कुठे जाणं होणार?" संहितेला वाटलं, बरंच आहे, थोडी विश्रांती होईल. ती ऑफिसात अक्कांचं हाड पडद्यावर फिरवत बसली होती. काय देखणं दिसायचं ते. राखाडी, गुळगुळीत, खाचाखोचांसकट. तिला त्याची प्रत्येक कड पाठ झाली. माणसाचा चेहरा ओळखावा तसं ती ते हाड ओळखायला लागली, आणि तिथेच फसली. तो चेहरा स्कॅन काढला त्या दिवसाचा होता.

अक्का परत आल्या त्या कॅबमधून उतरतानाच कळवळल्या. कमलाने हात धरला आणि त्यांना झटकन आत नेलं. संध्याकाळी त्या पाय पसरून बसल्या असताना नऊवारीचा काठ सरकला, आणि संहितेला दिसलं. दोन्ही गुडघ्यांवर खरचटून धरलेल्या खपल्या. डावा टम्म सुजलेला.

"हे काय, अक्का?"

"बाथरूममध्ये घसरले. त्यांच्याकडे फरशी कसली गुळगुळीत आहे."

"दोन्ही गुडघ्यांवर?"

"मग काय एका पायावर घसरायचं?"

कमला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने संहितेकडे पाहिलं आणि लगेच वळून कुकरची शिट्टी सारखी केली. शिट्टी तर नीटच होती.

घसरल्यावर कोपर फुटतं, तळहात सोलतो, डोकं आपटतं. दोन्ही गुडघे सारखेच सोलवटून निघत नाहीत. नियम तिला पाठ होता, कारण तो तिनेच लिहिला होता: स्कॅननंतर रुग्ण पडला तर पुन्हा स्कॅन. पण पुन्हा स्कॅन म्हणजे नवा साचा, म्हणजे पुन्हा थांबणं, म्हणजे तारीख हुकली आणि अक्का तुलनेतून बाहेर. आणि अक्का म्हणत होत्या, नाही गं, काही नाही, हळद लावली की झालं. ज्याला ऐकायचंच असतं त्याला एवढं पुरतं. रात्री ती अंथरुणावर तळमळली, मनाशी म्हणाली की सूज मांसाला आहे, हाडाला नाही, आणि सकाळी ऑफिसला निघून गेली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी अक्का खुशीत होत्या. त्यांनी नर्सला नाव विचारलं, गाव विचारलं, लग्न का नाही केलंस ते विचारलं. कंबरेतून सुई देऊन त्यांना खालून बधिर केलं, गुंगीचं औषध दिलं, आणि छातीपाशी निळा पडदा उभा केला. पडद्याच्या एका बाजूला अक्कांचं डोकं, दुसऱ्या बाजूला त्यांचे दोन पाय. संहिता पायांच्या बाजूला होती, टोपी आणि मास्क लावून, हात न लावता, कॉम्प्युटरवरचं चित्र दाखवायला.

आधी उजवा. पेट्या उघडल्या, स्टील खणखणलं. डॉक्टर यशोवर्धनांनी गज सारला, दांडी लावली, मागे सरले, एक डोळा मिटून पाहिलं, परत जुळवलं. कुठे घाई नाही, कुठे अडखळ नाही. कापलं, धातूचा सांधा बसवला, पाय वाकवला, सरळ केला. घोट्यापासून कंबरेपर्यंत दोरी धरावी तसा सरळ आला. संहितेला आनंद व्हायला हवा होता. अक्काचाच तो पाय. पण खरं सांगायचं तर तिला झाली ती असूया, आणि त्या असूयेची तिला तिथल्या तिथे लाज वाटली.

मग डावा.

साच्याबरोबर रुग्णाच्या हाडाची नायलॉनची प्रतिकृतीही येते, म्हणजे डॉक्टरांना आधी तालीम करता येते. यशोवर्धनांनी साचा त्या नकली हाडावर ठेवला. टक्कन बसला. हलवला तरी हलेना. मग त्यांनी तो अक्कांच्या खऱ्या नडगीच्या माथ्यावर ठेवला, आणि तो डुगडुगला. एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा.

त्यांनी तो उचलला, हाड पुसलं, परत ठेवला. परत डुगडुगला.

"संहिता. बसलाय का हा?"

ती वाकली. साचा आणि हाड यांच्यामध्ये आतल्या बाजूला एक फट होती. नखाच्या कडेएवढी असेल. तिच्या चित्रात तिथे फट नव्हती. तिच्या चित्रात तिथे हाड होतं. खऱ्या हाडाची ती कड खाली दबलेली होती, एखाद्याने अंगठ्याने ओली माती दाबावी तशी. तिच्या डोळ्यांसमोर त्या खपल्या आल्या.

"पेटी उघडीच आहे," डॉक्टर म्हणाले. शांतपणे, नेहमीच्या बेळगावी हेलात. "हा बाजूला ठेवतो आणि ह्याही गुडघ्याला दांडी लावतो. पण नियम आपणच केलाय, साच्याच्या पायात मी माझी नजर घालायची नाही. तुम्ही नाही म्हणा, मी मोकळा."

काय सोपं होतं. एक शब्द. पण त्या एका शब्दाच्या शेपटीला बाकीचं सगळं बांधलेलं होतं. साचा बाजूला ठेवला की नोंद होणार: साचा निकामी. मग विचारणार, का निकामी? स्कॅननंतर रुग्ण पडली होती का? तुम्हाला ठाऊक होतं का? घरातलीच ना तुमच्या? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर ऑपरेशनचे सगळे दिवे तिच्याच तोंडावर रोखलेले वाटत होते.

"बसलाय, सर. आतल्या बाजूने जरा दाबून धरा."

डॉक्टरांनी मान वर केली. मास्कवरचे नुसते डोळे दिसत होते.

"नक्की?"

"प्लॅनप्रमाणेच आहे. बसलाय."

पडद्यापलीकडे भुलीच्या डॉक्टरीणबाई मघापासून हलक्या आवाजात कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होत्या. डॉक्टर यशोवर्धनांनी साचा दाबून धरला, पिना ठोकल्या, आणि करवत सुरू झाली. हाड कापल्याचा आवाज संहितेने शेकडो वेळा ऐकला होता. आज तिने पाय घट्ट रोवून धरले.

एक्स-रे आला तेव्हा डॉक्टरांनी तो बराच वेळ खिडकीशी धरला. उजवा सरळ. डावा आत कललेला, फार नाही, पण ज्याला पाहता येतं त्याला दिसेल इतका.

"रेषेच्या जरा बाहेर गेलाय," ते म्हणाले. "कुणाकुणाला चालतो असा. पण दुखायला लागलं तर मला लगेच सांगायचं. लवकर कळलं तर उघडून नीट करता येतं. कळायला उशीर झाला तर भार एकाच बाजूला पडत राहतो, खालचं हाड खचतं, मग दुरुस्त करायला हाडच उरत नाही. त्या बाईने खरं सांगितलं पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे."

"मी लक्ष ठेवीन, सर."

"तुम्ही ठेवालच," ते म्हणाले, आणि ते कौतुक होतं की आणखी काही, हे तिला कळलं नाही.

तिने लक्ष ठेवलं. घरात चोवीस तास डोळ्यांत तेल घालून. अक्का वॉकर धरून चालल्या, मग काठी घेऊन, मग काठीही भिंतीला टेकवून. विचारलं की हसायच्या. पण घरातलं माणूस ते, कुठवर लपवणार? पायरी चढताना ओठ आत ओढायच्या. उठताना आधी पलंगाचा काठ धरून एक आवंढा गिळायच्या. एकदा मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना त्यांना वाटलं कुणी बघत नाही, तर त्या खांब धरून डावा पाय अधांतरी करून उभ्या होत्या, डोळे मिटून. संहिता खिडकीत होती. ती पुढे झाली नाही. पुढे होऊन विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि त्या उत्तराचं तिला काहीतरी करावं लागलं असतं.

मग एका दुपारी कमला गव्हाची पोळी लाटता लाटता सहज बोलून गेली. "काही म्हण, अक्कांचा नवस फळाला आला."

"कसला नवस?"

कमलाचं लाटणं थांबलं. मग म्हणाली, "आता काय, झालंच सगळं बरं. देवनहळ्ळीच्या पुढे टेकडीवर भवानीचं देऊळ आहे ना, तिथे गुडघ्यांवर पायऱ्या चढल्या त्या. रोज. म्हणाल्या, एकदा धातूचे गुडघे बसले की देवीपुढे टेकवता येणार नाहीत, तर स्वतःचे आहेत तोवर टेकवून घेते. पोरीच्या हाताला यश दे म्हणून. तुझ्यासाठीच गं. तुला सांगू नको म्हणाल्या, तू तारीख पुढे ढकलशील म्हणून. शुभकामात मोडता नको म्हणून मीही गप्प बसले."

संहिता खाली बसली. झिजलेलं, आतून पोकळ झालेलं म्हातारं हाड, आणि त्यावर सगळं अंग तोलून दगडी पायऱ्या. साच्याला यश यावं म्हणून साच्याखालचं हाडच दाबून टाकलं होतं बाईने. भक्तीला काय बोल लावायचा? ती तिच्या जागी होती. पण दोघींनी लपवलं आणि तिसरीने पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि तिघींचीही माया खरी होती. खोटं कोण होतं ते शोधायला घराबाहेर जायची गरज नव्हती.

"आई, तू मला सांगायला हवं होतंस."

"का गं, काय बिघडलं?" कमला म्हणाली. तिचा चेहरा इतका निर्मळ होता, की संहितेने उठून पोळी तव्यावर टाकली आणि विषय बदलला.

तपासणीचा दिवस आला. संहितेने मनाशी ठरवलं होतं की आज अक्का बोलतीलच. अनोळखी माणसापुढे माणूस आपलं दुखणं सांगतं, घरात सांगत नाही. अक्का बोलल्या की डॉक्टर पाय उघडतील, वेळेत आहे तोवर नीट करतील, आणि साचा हरला तर हरला. तिने हे अगदी मनापासून ठरवलं होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं, की ते वाक्य तिच्या तोंडून निघू नये.

तपासणाऱ्या मुलाचं नाव रोशन. कुठला गुडघा कसा केलाय हे त्याला ठाऊक नव्हतं, ठाऊक असायचंच नव्हतं. त्याने अक्कांना चालवलं, वाकवलं, खुर्चीतून उठवलं. मग कन्नडमध्ये एकेक प्रश्न विचारत गेला. संहिता नातेवाईक म्हणून कोपऱ्यात बसली होती.

उजव्यात दुखतं का? "स्वल्प," अक्का म्हणाल्या. "जरा जड जड वाटतो. परका वाटतो अजून."

संहितेने मान वर केली. उजवा तर दोरीत होता. उजव्यावर अक्का घरात सगळा भार टाकत होत्या.

डाव्यात दुखतं का? "छे, छे. डावा काय मस्त झालाय. माझाच आहे असं वाटतं."

रात्री झोपमोड होते? नाही. पायऱ्यांवर? नाही. दोन्हींतला कुठला बरा?

"डावा," अक्का म्हणाल्या. विचारसुद्धा केला नाही. "परत करायची वेळ आली तर दोन्ही डाव्यासारखेच करा म्हणावं."

रोशन हसला, त्याने ते टिपून घेतलं, आणि त्यांना दारापर्यंत पोचवलं.

गाडी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर पडून येलहंक्याच्या रस्त्याला लागली. सिग्नलला लांबलचक रांग होती. कुठला पाय मापाचा, हे संहितेने कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, शेजारी नाही, झोपेतही नाही.

"अक्का. डावा माझा आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "कुणी कशाला सांगायला पाहिजे?"

"मग?"

"मी जागी होते की."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. गाडी पुढे घ्यायचं संहितेला सुचलं नाही.

"आधी उजवा, मग डावा, हे त्यांनी सांगितलंच होतं. उजव्याच्या वेळी डोळा लागला होता," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजी काय आणायची ते सांगावं तसा. "डाव्याला जाग आली. त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वल्प सुम्मने मलगी, अम्मा, झालंच. म्हणून पडून राहिले गप्प. तुझा तो डॉक्टर मराठीत बोलत होता, तेव्हा सगळं समजत होतं मला. दोनदा विचारलं बिचाऱ्याने. मनात म्हटलं, आता पोर नाही म्हणेल. तू म्हणालीस, बसलाय."

संहितेला वाटलं, हिने आता ओरडावं. थोबाडीत मारावी. लहानपणी खोटं बोलल्यावर मारली होती तशी. अक्का पदराचा काठ सारखा करत राहिल्या.

"तू जागी होतीस," संहिता म्हणाली. "तुझा पाय होता, अक्का. तू का नाही बोललीस?"

"एवढ्या माणसांत तुला खोटं पाडू?"

सिग्नल कधीच सुटला होता. संहितेने गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडली. महिनोन् महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम आलं. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"दुखतं ना गं?"

"दुखतं."

"खूप?"

"बाळ, म्हातारीचं दुखणं ते. कमी काय नि खूप काय."

संहितेने नाक पुसलं, ताठ बसली. "आपण परत जातोय. आत्ता. मी डॉक्टरांना सांगते, बसला नव्हता, मला ठाऊक होतं, आणि तो कललाय. त्यांना उघडायला सांगते. अजून वेळ गेलेली नाही."

"सांग की," अक्का म्हणाल्या. "मग ते मला विचारतील. पाय माझा आहे. मी म्हणेन, पोर उगाच जिवाला लावून घेते. माझ्यापायी तुझी नोकरी जायची, तुझं नाव खाली जायचं, हे मी होऊ द्यायची नाही. सरी?"

"अक्का, तो पाय जाईल."

"तुझा तर नाही ना जाणार."

पुढच्या वळणावर संहितेने गाडी हॉस्पिटलकडे फिरवली. शेजारी अक्का डाव्या गुडघ्यावर दोन्ही तळवे घट्ट दाबून बसल्या होत्या. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांचा श्वास अडकत होता, आणि श्वास परत आला की त्या हळू आवाजात तेच वाक्य परत परत घोटत होत्या, कुठे अडखळायला नको म्हणून: "दुखत नाही, डॉक्टर. अजिबात दुखत नाही."